सासरची हवा

माझ्याकडे लोक नंबर मागायला येतात. कोणाचा, तर ॲलर्जीच्या डॉक्टरचा. तासगाव तालुक्यात कोणाच्या मुलीचं बाहेरगावी जमलं की आधी माझं दार वाजतं. "वैजयंताकाकी, तुमच्या इशूच्या वेळी तिकडचा डॉक्टर तुम्हीच शोधलेला ना? कसा शोधला, आम्हाला पण सांगा की." मी चहा टाकते आणि सांगते. सांगताना आता काही वाटत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं माझं झालंय.

आज माझी चुलत जाऊ आली होती, सुरेखा. बरोबर तिची लेक प्रांजल. प्रांजलचं जुन्नरला जमतंय आणि रविवारी सुपारी फोडायची आहे. पोरगी मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवत बसली होती.

"हिची लस शहापुरे डॉक्टरांचीच, इकडच्याच हवेची," सुरेखा म्हणाली. "आता जुन्नरला कोण तज्ज्ञ आहे ते बघायचं. तू पटाईत आहेस बाई शोधण्यात."

पटाईत! होय बाई, आहे मी पटाईत. म्हटलं, बस, सांगते. पण नंबराच्या आधी जरा माझंही ऐक.

आमचं बेदाण्याचं शेड आहे. इशू, म्हणजे ईश्वरी, तिथेच जाळ्यांखाली खेळून वाढली. सहा वर्षांची असेल. एका दुपारी खेळता खेळता तिचे ओठ सुजले, डोळे मिटायला लागले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आमच्या ह्यांनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि सांगली गाठली. मी मागे बसून तिच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि देवाला नको नको ते बोलत होते. वाचली. तपासण्या झाल्या. गाजरगवत, ज्वारीचा भुसा, अंथरुणातले किडे, शेडमधली बुरशी, सगळ्याची ॲलर्जी. थोडक्यात काय, आमचं गावच तिला सोसत नव्हतं.

तेव्हा गावची लस नवीनच निघाली होती. शहापुरे डॉक्टरांनी आमच्या घरी माणूस पाठवला. त्याने एका लहान यंत्राने माळ्यावरची धूळ ओढली, उशा ओढल्या, गोठा ओढला, बांधावरचं गाजरगवत कापून नेलं. मी डॉक्टरांना म्हटलं, ही घाण कशाला? त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं.

"हे बघा वहिनी, शरीरात पहारेकरी पेशी असतात. इशूच्या पहारेकऱ्यांना गवताचा पराग म्हणजे शत्रू वाटतो. तो नाकात गेला की हे हल्ला करतात, आणि त्या हल्ल्यानेच तिचा श्वास कोंडतो. परागाने काही होत नाही, ह्यांच्या मारामारीने होतं. पण शरीरात दुसऱ्याही पेशी असतात, पहारेकऱ्यांची समजूत घालणाऱ्या. आम्ही तुमच्या घरच्या धुळीतले कण ओळखतो, त्यांची खूण चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळतो आणि त्या समजूतदार पेशींकडे पाठवतो. हे आपलंच आहे, सोडा ह्याला, एवढाच निरोप."

"मग कुठलीही लस चालेल की. सांगलीची चालेल."

"नाही ना. प्रत्येक ठिकाणची बुरशी वेगळी, पराग वेगळे, किडेसुद्धा वेगळे. म्हणून डॉक्टर जवळचाच लागतो. माझ्या शीतपेटीत ह्या तालुक्याची हवा आहे. तासगावच्या पलीकडे माझा उपयोग नाही."

लस लागली. इशू गंधकाच्या धुरात उभी राहायला लागली, बेदाणे निवडायला लागली. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात पेढे वाटले. त्यातली मेख पुढे कळली. गावच्या हवेला ज्या पोरांचं शरीर सरावलं, त्यांना बाहेरची हवा आधीपेक्षाही जास्त बाधायला लागली. सगळी समजूत एका गावापुरती. पुण्याला कॉलेजात गेलेली पोरं आठवड्यात परत आली. इशूने घरूनच पदवी घेतली आणि घरूनच नोकरी धरली. पाहुणा आला की दारात आंघोळ आणि आमचे धुतलेले कपडे, असा नवा रिवाज घरोघरी पडला. लग्नाच्या बैठकीत पत्रिका मागे पडली आणि "मुलीची हवा कुठली?" हा पहिला प्रश्न झाला.

"ते आम्हाला ठाऊक आहे गं," सुरेखा म्हणाली. "नंबराचं बोल."

येतेय तिथेच. इशूच्या कंपनीत निहार साळवी नावाचा मुलगा होता, देवरुखचा. पडद्यावर बोलून बोलून दोघांचं जमलं. मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू. मुलगा गोड होता. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा दारात बादलीभर पाण्याने आंघोळ करून आमच्या ह्यांचा लेंगा घालून आत आला. लेंगा नडगीपर्यंतच येत होता. इशू इतकी हसली की तिला बसावं लागलं. मुलगा आठवडाभर राहिला. शेडमध्ये गेला, गोठ्यात गेला, कडब्याच्या गंजीवर चढून फोटो काढले. एक शिंक नाही की डोळ्याला पाणी नाही.

"काय तब्येत आहे पोराची!" आमचे हे कौतुकाने म्हणाले. "दगड खाईल आणि पचवील."

सगळे हसलो. निहार पण हसला.

सुपारी फुटायच्या आधीच मी देवरुखकडचा डॉक्टर शोधायला बसले. मोबाइलवर 'जवळचा ॲलर्जी तज्ज्ञ' असं टाकलं की भराभर नावं येतात, पण नावांवर जाऊ नये. पहिल्या नंबरावर केस उगवायचा दवाखाना निघाला, पाटीवर खाली बारीक अक्षरात ॲलर्जी. दुसरा फोन मुलाने उचलला आणि म्हणाला, "बाबा वारले हो. नाव काढा म्हणून किती वेळा कळवलं, काढतच नाहीत." मी त्याला सॉरी म्हटलं आणि ठेवला. तिसरा पुण्याहून कधीतरी येणारा. त्याला विचारलं, तिकडच्या हवेची पेटी आहे का तुमच्याकडे? तो म्हणाला, मॅडम, त्याची काही गरज नसते. म्हटलं, बरं. अशाला लांबूनच नमस्कार.

तेव्हा मी चार प्रश्न ठरवले, तेच सगळ्यांना सांगते. पेटी स्वतःची आहे का. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली हवा वेगळी ठेवता का. शेवटची कधी भरली. आणि अडीअडचणीला, अवेळी दम लागला तर दार उघडता का. ह्या चारांना सरळ उत्तर देईल तो डॉक्टर खरा.

शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली. निहारची आई, सुलक्षणाताई. फोनवर म्हणाल्या, "अहो, संगमेश्वरला आमच्या परकारबाई आहेत की! माझ्या धाकट्या दिराचा दमा त्यांनीच तर बरा केलान. आधी विचारलंत असतं तर!"

डॉक्टर नसीम परकार. चारही उत्तरं सरळ. पावसाळ्याची हवा भाताच्या खाचरातून, उन्हाळ्याची काजूच्या मोहरातून, आणि सुक्या मासळीच्या वखारीतली वेगळी. फोन ठेवल्यावर मी अक्षरशः नाचले. आमच्या ह्यांनी पेढे आणले. शहापुरे डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून अभिनंदन केलं. "तज्ज्ञ मिळाला म्हणजे लग्न झाल्यातच जमा," असं ते म्हणाले. सगळं गाव म्हणायला लागलं, वैजयंताने डॉक्टर शोधला.

मग आम्ही सगळे परकारबाईंकडे बसलो. मी, हे, सुलक्षणाताई, निहार, आणि तोंडाला जाड मास्क लावलेली इशू. बाईंनी पाणी दिलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं.

"शरीर एकाच ठिकाणची समजूत ठेवू शकतं. दोन ठिकाणच्या लसी एकत्र दिल्या की त्या समजूतदार पेशी सगळ्यालाच सोडून द्यायला लागतात, खऱ्या रोगजंतूंनासुद्धा. सुरुवातीला दिल्या होत्या काही जणांना. साध्या न्युमोनियाने गेले. म्हणून इकडची लस द्यायची तर तिकडची पुसावी लागेल."

"पुसायची म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे ईश्वरीला तासगावला परत येता येणार नाही. एकदा पुसलेल्या हवेवर शरीर दुप्पट चिडतं, आणि तिथली लस पुन्हा लागत नाही. दिवाळीला नाही, बाळंतपणाला नाही. तुम्ही इकडे येऊ शकाल, आंघोळ करून, इथले कपडे घालून."

सुलक्षणाताईंनी माझा हात धरला. मग आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "लेक म्हणजे परक्याचं धन. आज ना उद्या जायचीच होती." विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही तिला लेकीसारखी ठेवू हो." मी म्हणाले, मी येत जाईन ना वरचेवर. निहार काही म्हणाला नाही.

इशू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. वडिलांकडे, मग निहारकडे, मग सासूकडे, मग माझ्याकडे. माझ्यावर जरा जास्त वेळ थांबली. मला वाटलं, घाबरलीय पोर. म्हटलं, घाबरू नकोस गं. तिने मान डोलावली आणि सही केली.

देवरुखची धूळ न्यायला परकारबाईंचा माणूस गेला, तर काय व्हावं! डॉक्टरकडचं माणूस येणार म्हणून सुलक्षणाताईंनी आदल्या दिवशी बाई लावून सगळं घर झाडून, पुसून, फिनेलने धुऊन काढलं होतं. गाद्या उन्हात, पडदे पाण्यात. सुनेकडे घाण पाठवायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील! यंत्रात नुसता फिनेलचा वास आला. परकारबाई फोनवर कळवळून म्हणाल्या, "ताई, महिनाभर झाडू नका. हात जोडते." विहीणबाईंनी महिनाभर रडत रडत घर झाडलं नाही. त्या माउलीवर मी आजही रागवू शकत नाही.

पुसण्यासाठी इशूला संगमेश्वरच्या दवाखान्यात कोऱ्या खोलीत ठेवलं. तिथे कुठल्याच गावची हवा नसते, सगळी गाळलेली. आम्ही काचेच्या बाहेर. हळदसुद्धा काचेआडच लागली. देवरुखहून आलेली नवऱ्याची उष्टी हळद यंत्रात निर्जंतुक होऊन नळीतून आत गेली आणि नर्सने लावली. इशूने गाल पुढे करून मला दाखवला. मी काचेला हात लावला. काच गार होती.

मग देवरुखच्या लसीचे डोस सुरू झाले. शेवटचा डोस झाला त्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा परकारबाईंच्या टेबलाभोवती होतो. रिकामी सिरिंज ट्रेमध्ये होती. बाई संगणकात माहिती भरत होत्या.

"निहारची लस कोणाकडची? घरातल्या सगळ्यांची लागते."

सुलक्षणाताई हसल्या. "त्याला कसली लस! माझ्या मुलाला आजवर शिंक ठाऊक नाही. कुठेही नेऊन ठेवा त्याला."

बाईंची बोटं थांबली. "कुठेही?"

"कुठेही! तासगावला आठवडाभर राहून आला की. आणि नोकरी काय, घरूनच."

परकारबाईंनी निहारकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "मग…" त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर ट्रेमधल्या सिरिंजवर गेली. "काही नाही." त्यांनी सिरिंज उचलून डब्यात टाकली.

निहारचे कान लाल झाले होते. आमचे हे स्वतःच्या चपलेकडे बघत होते. इतके दिवस, इतकी शिकलेली माणसं, दोन जिल्ह्यांतले दोन तज्ज्ञ, सगळ्यांनी मिळून मुलीच्या रक्तातून तिचं गाव पुसून काढलं, आणि ज्या पोराला कसलीच बाधा नाही त्याने बॅग उचलून तासगावला यावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुलगी सासरी जाते. मग सासरी डॉक्टर शोधायचा. त्याच्या पुढे डोकं गेलंच नाही आमचं.

तेव्हापासून माझा गाल असा बधिर झालाय.

लग्न झालं, ते जाऊ दे. आम्ही माहेरची माणसं लांब खुर्च्यांवर होतो. चैत्रात मी एकटी देवरुखला गेले. सगळे नियम पाळले. दोन वेळा आंघोळ केली, विहीणबाईंचं धुतलेलं लुगडं नेसले, मास्क लावला. रीतीने दोन दिवस पडवीतल्या खोलीत वेगळी राहिले, त्यांचंच जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी इशू अंगणातून येताना दिसली आणि मी मास्क काढून हसले. ती पळत आली आणि तिने मला मिठी मारली. मी पण मारली. केस धुवायचे मात्र राहिले होते. डोकं दुखत होतं म्हणून आंघोळ नुसती अंगावरून केली होती. वेणीत शेडमधला धूर आणि गावची धूळ तशीच होती.

आधी तिची मान लाल झाली. मग पाठीवर, जिथे जिथे माझे हात होते तिथे, गांध्या उठल्या. हातांचे आकार दिसत होते. मग छातीतून तो शिट्टीचा आवाज आला, सहा वर्षांची असतानाचा, तोच. सुलक्षणाताई पेनासारखं तातडीचं इंजेक्शन घेऊन धावल्या आणि त्यांनी तिच्या मांडीत टोचलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वैजयंताताई, तुम्ही लांब व्हा हो, लांब व्हा." मी अंगणाच्या टोकाला फणसाखाली जाऊन उभी राहिले. माझ्यामुळे माझी लेक मरत होती आणि मला तिला हात लावायची चोरी होती.

श्वास परत आला. दुपारी ती खिडकीत बसली आणि मी अंगणात.

"आई," ती म्हणाली, "मला सुचलं होतं."

"काय गं?"

"निहारनेच तासगावला यायचं, हे. परकारबाईंनी पुसायचं सांगितलं तेव्हाच सुचलं होतं."

"अगं मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मी बोलले असते तर नवऱ्याला घरजावई करायला निघालीय म्हणाले असते. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल. निहार म्हणेल. पप्पा म्हणतील." तिने खिडकीचा गज धरला. "तू म्हणशील असं वाटलं होतं."

मला रडूसुद्धा आलं नाही. नुसती बसून राहिले, आणि मग विहीणबाईंनी जेवायला हाक मारली.

आता तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं. इशूचं कोण करणार, तर सासू. ती करील चांगलं, तिचा हात मायेचा आहे. मी जाईन, वेणी कापून जाईन, आणि पडवीत बसून बाळाचं रडणं ऐकेन.

एवढं सांगून मी थांबले. चहा निवून गेला होता. सुरेखाने पदराने डोळे पुसले. "देवाची मर्जी गं बाई," ती म्हणाली. "आपल्या हातात काय असतं? बरं, जुन्नरचा कोण बघितलायस का? शोधून दे की तेवढा."

"सुरेखा, त्या मुलाला काही आहे का?"

"कोणाला?"

"जुन्नरच्या. ॲलर्जी, लस, काही?"

"छे गं! ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात आला होता, ओढ्यात पोहून गेला."

"मग तोच इकडे का येत नाही?"

सुरेखा आधी समजलीच नाही. मग तोंडावर हात ठेवून हसली. "अगं बया! घरजावई? त्याच्या आईबापाला काय सांगू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

प्रांजलचं बोट मोबाइलवर थांबलं होतं. तिने मान वर केली होती आणि ती आईकडे बघत होती. ती नजर माझ्या ओळखीची होती.

"नंबर देते," मी म्हटलं. "पण आधी पोरीकडे बघ."

"बघायचंय काय त्यात, रोजचीच आहे ती," सुरेखा म्हणाली. तिचे डोळे माझ्या हातातल्या मोबाइलवरच होते. "चार प्रश्न कुठले म्हणालीस? पहिला पेटीचा ना?"

मी मोबाइल उलटा केला आणि मांडीखाली घालून त्यावर बसले. सुरेखा माझ्याकडे बघतच राहिली. मला राग आला होता. इतका की गालाला मुंग्या आल्या.

"बघ म्हणते ना तिच्याकडे!" मी ओरडले.